झेन ग्रे : एका भागीदारीची गोष्ट

घोडा, फासाचा दोर आणि कमरेला पिस्तूल. एवढ्या तीन वस्तू डोळ्यांपुढे आणल्या की अमेरिकेचा काउबॉय उभा राहतो. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याला सिनेमाच्या पडद्यावर पाहिले आहे. परंतु पडद्यावर येण्यापूर्वी तो कादंबरीत होता, आणि कादंबरीत त्याला ज्यांनी घोड्यावर बसविले त्यांत झेन ग्रे याचे नाव पहिल्या दोन-तिघांत घ्यावे लागते. गंमत अशी की हा माणूस पेशाने दाताचा डॉक्टर होता, जन्माने पूर्वेकडील राज्यांतला होता आणि तिशी उलटेपर्यंत त्याने काउबॉयचा मुलूख डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

त्याच्या दोन प्रेमकथा मी गोष्टीसाठी म्हणून वाचल्या. त्याचे चरित्र वाचले ते केवळ कुतूहलापोटी. पण चरित्र वाचता वाचता माझे लक्ष नायकावरून उडून त्याच्या बायकोकडे गेले आणि तिथेच खिळून राहिले. वाणिज्य शाखेच्या मुलीला कादंबरीतही जमाखर्चच दिसायचा, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. मला तरी असे वाटते की या माणसाच्या आयुष्यातील खरी कादंबरी त्यांच्या हिशेबाच्या वहीत दडलेली आहे.

झेन ग्रे याचा जन्म 31 जानेवारी 1872 रोजी ओहायो राज्यातील झेन्सव्हिल या गावी झाला. गावाचे नाव त्याच्या आईच्या घराण्यावरून पडलेले होते. आईचे पूर्वज एबेनेझर झेन यांनी ते गाव वसविले होते. या एबेनेझरची बहीण बेटी झेन हिने 1782 साली फोर्ट हेन्रीच्या वेढ्यात गोळ्यांच्या वर्षावातून धावत जाऊन दारूगोळा आणला, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा होती. मुलाचे नाव मात्र ठेवले पर्ल, म्हणजे मोती. तिकडे हे नाव मुलींना ठेवतात. शाळेत या नावावरून त्याला किती चिडविले असेल, आणि त्याने किती मारामाऱ्या केल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. मोठेपणी त्याने ते नाव टाकले आणि आईचे घराण्याचे नाव पुढे घेतले.

वडील दाताचे डॉक्टर होते. तापट होते आणि हात उचलणारे होते. पंधराव्या वर्षी पर्लने एक गोष्ट लिहिली. ती वडिलांच्या हाती लागली. त्यांनी कागद फाडले आणि मुलाला मार दिला. पुढे पैशाच्या एका व्यवहारात वडिलांना जबर खोट आली, गाव सोडून कोलंबस शहरी जावे लागले, आणि मुलगा परवाना नसताना खेडोपाडी फिरून लोकांचे दात काढू लागला. सरकारी मंडळाच्या लोकांना हे कळले तेव्हा तो धंदा बंद पडला. पण हाताला ताकद होती आणि ती दात उपटण्यापेक्षा चेंडू फेकण्यात अधिक शोभत होती. बेसबॉल उत्तम खेळत असल्यामुळे त्याला पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. तेथे तो 1896 साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला दवाखाना थाटून बसला. वडिलांचा धंदा, वडिलांनी फाडलेली गोष्ट आणि दिवसभर परक्यांच्या तोंडात डोकावणे! संध्याकाळ झाली की तो लिहायला बसे. लिहिलेले साभार परत येई.

सुटीत तो डेलावेअर नदीवर होडी घेऊन जाई. 1900 साली लॅकवॅक्सन या नदीकाठच्या गावी त्याला लिना रॉथ नावाची सतरा वर्षांची मुलगी भेटली. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिला सगळे डॉली म्हणत. तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा होता. पाच वर्षे हा परिचय चालला आणि नोव्हेंबर 1905 मध्ये त्यांचे लग्न झाले. लग्नापूर्वीच त्याने तिला सांगून टाकले होते की इतर स्त्रियांपासून दूर राहणे आपल्या स्वभावात नाही. तिने हे ऐकून घेतले. मला हे कोडे उलगडलेले नाही, आणि उलगडल्याचा आव मी आणणार नाही.

दरम्यान बेटी झेनवरची त्याची पहिली कादंबरी लिहून झाली होती. प्रकाशक मिळेना. शेवटी 1903 साली ती पदरमोड करून छापली. लग्नानंतर त्याने दवाखाना बंद केला आणि दोघे लॅकवॅक्सनला राहायला गेली. हे कशाच्या जोरावर? डॉलीला घरातून वारसाहक्काने थोडी रक्कम मिळाली होती, त्या जोरावर. म्हणजे या धंद्यात पहिले भांडवल तिचे. वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला तिचे नाव लिहावे लागेल. शिवाय तो लिही आणि ती तपासे. त्याचे शुद्धलेखन कच्चे, वाक्ये सैल. ती चुका दुरुस्त करी, नको तो मजकूर काढी, स्वच्छ प्रत करून प्रकाशकाकडे पाठवी. मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने भराभर लिहिणारा तो, आणि त्या पानांची पुस्तके करणारी ती.

1907 साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाची व्याख्याने चालू होती. त्याचे नाव चार्ल्स जोन्स, पण सगळे त्याला बफेलो जोन्स म्हणत. एके काळी त्याने गवे मारले होते आणि आता ते नामशेष होऊ नयेत म्हणून तो ते पाळीत होता. ग्रँड कॅनियनच्या उत्तर कडेला आपण डोंगरी सिंह दोराने जिवंत पकडतो, असे तो सांगे. श्रोते हसत. ग्रे हसला नाही. तो जोन्सला भेटला आणि म्हणाला की मला बरोबर न्या, मी हे सारे लिहीन. प्रवासाला पैसा लागणार होता. डॉलीच्या शिलकीतून तो निघाला. आपल्याजवळची पुंजी नवऱ्याच्या सिंह पकडण्याच्या सफरीसाठी काढून देणे म्हणजे काय, हे ज्या घरात महिनाअखेर मोजून काढावी लागते त्या घरातील मुलींना सांगावे लागणार नाही.

त्या सफरीत ग्रेने वाळवंट पाहिले. लाल कडे, जांभळट रंगाची सेज नावाची झुडपे, कोलोरॅडो नदीवरचा तराफा, तेथील मॉर्मन पंथाची कुटुंबे हे सारे पाहिले. घोड्यावर दिवस दिवस बसणे, फास टाकणे, जनावराच्या मागे काट्याकुट्यांतून धावणे हे तो तेथे शिकला. जोन्सवर त्याने पुस्तक लिहिले. हार्पर या बड्या प्रकाशन संस्थेच्या संपादकाने ते परत करताना सांगितले की तुम्हाला कथा लिहिता येईल असे या पुस्तकात मला काही दिसत नाही. ग्रे त्या दिवशी रस्त्यात खांबाला धरून उभा राहिला, असे सांगतात. ते पुस्तक 1908 साली दुसऱ्या प्रकाशकाने काढले. पण याच हार्परने 1910 साली त्याची 'द हेरिटेज ऑफ द डेझर्ट' ही कादंबरी स्वीकारली आणि तेथून त्याचे दिवस पालटले.

आता थोडे काउबॉयविषयी. आपल्याकडे काउबॉय म्हणजे मारामारी करणारा असा समज आहे. वस्तुतः तो पगारी गुराखी. मोकळ्या रानात हजारो जनावरे चरत. वर्षातून दोनदा ती वेढून एकत्र आणायची, वासरांना मालकाचा डाग द्यायचा, विकायची ती रेल्वेपर्यंत हाकीत न्यायची. या वेढून आणण्याला स्पॅनिश भाषेत रोडिओ म्हणत. काम संपले की गडी आपापसात पैजा लावीत. बंडखोर घोड्यावर कोण अधिक टिकतो? वासराला फास टाकून त्याचे पाय आधी कोण बांधतो? मग काटेरी तार आली, रानाला कुंपणे पडली, रेल्वे दारात आली आणि काउबॉयचे काम घटले. पण पैजा उरल्या. 1888 साली अॅरिझोनातील प्रेस्कॉट गावी, 1897 साली वायोमिंगमधील शायेन येथे, 1912 साली कॅनडातील कॅलगरी येथे अशा स्पर्धा सुरू झाल्या. बक्षिसे लागली आणि तिकिटे काढून लोक पाहायला येऊ लागले. जे काम होते त्याचा खेळ झाला, आणि खेळाचे नावही रोडिओच राहिले. आज त्यात उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकावे लागते. दुसरा हात लागला की बाद.

कॅलगरीची ती स्पर्धा ज्या 1912 साली सुरू झाली त्याच साली ग्रेची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' बाहेर पडली. हा योगायोगच, पण मला तो बोलका वाटतो. काउबॉयची मजुरी संपत आली तेव्हाच त्याचा खेळ आणि त्याची प्रेमकथा, दोन्ही बाजारात आली. ग्रेच्या कादंबऱ्यांत बक्षिसाचे मैदान आणि तिकीटघर क्वचितच दिसते. पण फास टाकणे, रानघोडा माणसाळविणे, शर्यत मारणे या रोडिओतल्या सगळ्या करामती त्याच्या कथेचा कणा आहेत.

याचा उत्तम नमुना म्हणजे 1917 सालची 'वाइल्डफायर'. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या पहिल्या दहा कादंबऱ्यांत ती होती. कोलोरॅडो नदीच्या उतारावर बोस्टिल नावाचा मालक राहतो. त्याला दोनच गोष्टी प्रिय. एक मुलगी लुसी आणि दुसरा सेज किंग नावाचा घोडा. या दोहोंत अधिक प्रिय कोण, हे मुलीलाही नक्की सांगता येत नाही! नदीपलीकडे क्रीच नावाच्या माणसाजवळ सेज किंगला हरवू शकतील असे घोडे आहेत. ते अलीकडे आणायचे तर तराफ्यावरून आणावे लागणार, आणि तराफा बोस्टिलच्या ताब्यात. नदीला पूर येण्याच्या बेतात असताना बोस्टिल रात्री जाऊन तराफ्याचा दोर कापतो. पलीकडचे घोडे अडकून पडतात आणि वाया जातात. कादंबरीतल्या पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ हे. आपल्याकडे यात्रेतील बैलगाडीच्या शर्यतीवरून दोन घरांचे येणेजाणे तुटल्याच्या गोष्टी कानावर येतातच. त्यामुळे बोस्टिल मला परका वाटला नाही. त्याला पैसा नको आहे. आपल्या दावणीचे जनावर दुसऱ्याच्या जनावरामागे पडता कामा नये, एवढेच त्याला हवे आहे.

दुसरीकडून येतो लिन स्लोन. एकटा, निष्कांचन. वाइल्डफायर नावाच्या तांबड्या रानघोड्याच्या मागे तो आठवडेच्या आठवडे दऱ्याखोऱ्यांतून जातो आणि अखेर त्याला पकडतो. हा पाठलाग वाचताना ग्रे कुठे शिकला ते लगेच कळते. घोडा दमतो कसा, पाणी टाळतो कसा, माणूस त्याचा माग कसा काढतो, हे सारे पाहिलेले आहे. पुढे लुसी हाच घोडा शर्यतीत दौडविते आणि बापाच्या सेज किंगला मागे टाकते. मुलीने बापाला त्याच्याच खेळात हरविले, या ठिकाणी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. पण ग्रेला ते तेथे सोडवत नाही. तो लुसीला पळविली जाऊ देतो, तिला घोड्यावर बांधली जाऊ देतो, भोवती आग लावतो, आणि तिला वाचविण्यासाठी स्लोन वाइल्डफायरला इतका पळवितो की घोडा त्यातच मरतो. जिंकणारी लुसी शेवटी वाचविली जाणारी होते. शर्यतीतली लुसी खरी वाटते आणि आगीतली लुसी पडद्यासाठी बनविलेली वाटते. माझे मत विचाराल तर कादंबरी शर्यतीपाशी संपायला हवी होती.

'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' याहून चांगली आहे. काळ 1871, जागा दक्षिण युटामधील मॉर्मनांचे गाव. नायिका जेन विदरस्टीन अविवाहित आहे आणि वडिलांच्या पश्चात साऱ्या गोठ्यांची, उत्तम घोड्यांची आणि मुख्य म्हणजे गावाला पाणी देणाऱ्या झऱ्याची मालकीण आहे. पंथाच्या एका वडीलधाऱ्याला, टलला, ती बायको म्हणून हवी आहे. ती नकार देते. मग हळूहळू तिचे सगळे हिरावले जाते. आधी चाकर कामे सोडतात, मग कळप नाहीसे होतात, मग घोडे. ताळेबंद समजावा अशा क्रमाने ग्रे एकेक रकमेवर काट मारीत जातो. बंदूक न चालविता माणसाला उपाशी कसे पाडावे हे त्याला ठाऊक होते. याच सुमारास काळे कपडे घातलेला बंदूकबाज लॅसिटर येतो. तो आपल्या बहिणीचा शोध घेत आला आहे. जेनची सारी धडपड त्याने बंदूक टाकावी यासाठी. तिच्यापायी तो जवळजवळ टाकतोही. पण शेवटी दोघे एका अनाथ मुलीला घेऊन पळत असतात, मागे टल येत असतो, समोर दरीच्या तोंडाशी मोठा तोललेला धोंडा असतो. तो ढकलला तर पाठलाग करणारे मरतील आणि हे तिघे आत कायमचे कोंडले जातील. लॅसिटरचा हात उचलत नाही. ढकल असे सांगते ती जेन. जिने पुस्तकभर रक्तपाताला विरोध केला तीच शेवटची आज्ञा देते. ग्रेच्या कोणत्याही टीकाकाराने त्याला कितीही नावे ठेवावीत, ही जागा त्याला खचित साधलेली आहे.

या पुस्तकातील मॉर्मन पंथाचे चित्र मात्र एकांगी आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्या माणसांनी त्याला वाळवंटात वाट दाखविली त्यांत मॉर्मन होते, आणि आधीच्या पुस्तकात त्याने त्यांच्यातील भला म्हातारा रंगविलाही होता. येथे मात्र त्याला खलनायक हवा होता. हार्परचा संपादक याच कारणाने पुस्तक घेईना. ग्रे हस्तलिखित घेऊन थेट संस्थेच्या उपाध्यक्षांकडे गेला. त्यांनी ते घरी नेऊन वाचले आणि छापण्याचे ठरविले. हे त्याचे सर्वांत गाजलेले पुस्तक ठरले.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे पैशाचा पूर. 1918 आणि 1920 या दोन्ही साली त्या त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत अधिक खपलेली कादंबरी ग्रेची होती. मासिके क्रमशः छापण्यासाठी मोठ्या रकमा देत. मूकपट निघू लागले. 1918 साली कुटुंब कॅलिफोर्नियात गेले, त्याने स्वतःची चित्रपट कंपनीही काढली आणि नंतर विकली. त्याच्या कथांवर शंभरावर चित्रपट निघाले.

या सगळ्या व्यवहारांत बोलणी कोण करीत होते? डॉली. करारातील कलमे ती वाचीत होती, कुठल्या मासिकाला कोणती कथा किती रकमेला द्यायची हे ती ठरवीत होती, बँक आणि कर ती पाहत होती, आणि रोमर, बेटी व लोरेन या तीन मुलांना वाढवीत होती. तो वर्षातील कितीतरी महिने बाहेर असे, आणि बरोबर तरुण स्त्रिया असत. त्या चिटणीस म्हणून किंवा सोबत म्हणून असत. त्यांतील काहींशी त्याचे संबंध होते आणि डॉलीला ते ठाऊक होते. तिची चिडलेली, दुखावलेली आणि पुन्हा सावरलेली पत्रे शिल्लक आहेत. दोघांचा पत्रव्यवहार 2008 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एका पत्रात दुःख आणि पुढच्या परिच्छेदात हप्त्याची तारीख, असा तो प्रकार आहे.

मिळकत दोघांत निम्मी निम्मी वाटायची, असा त्यांचा ठराव होता. हे वाचून प्रथम मला मोठे कौतुक वाटले. त्या काळी किती लेखकांनी बायकोला निम्मा वाटा दिला असेल? मग मला वर्गात शिकलेला आपला 1932 चा भागीदारी कायदा आठवला. भागीदारांत वेगळा करार नसेल तर नफा समान वाटावा, असे तो सांगतो. त्याच कलमात आधी असेही सांगितले आहे की वेगळा करार नसेल तर धंद्याच्या कामात भाग घेतल्याबद्दल कोणत्याही भागीदाराला पगार मागता येत नाही. हा कायदा अर्थातच त्यांना लागू नव्हता. पण त्या कलमाच्या दोन ओळींत डॉलीचे अर्धे आयुष्य बसते. समान वाटा मिळाला. कामाचा पगार मिळाला नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर एकच नाव आले. भागीदारी पेढीच्या पाटीवर काही वेळा एकाच भागीदाराचे नाव असते आणि गिऱ्हाइकाला दुसरा माहीतही नसतो. त्याला आपण सुप्त भागीदार म्हणतो. पण सुप्त भागीदार भांडवल घालून झोपतो. ही बाई रात्रीचा दिवस करीत होती.

यावर कुणी म्हणेल की कल्पना तर त्याचीच होती ना? होय. डॉलीने एकटीने 'रायडर्स' लिहिली नसती. तिने वाळवंटात महिनेच्या महिने घालविले नव्हते, तो रंग, तो वारा तिच्या पेन्सिलीतून आला नसता. मला तिला लेखिका ठरवायचे नाही. मला एवढेच दिसते की जो माणूस आयुष्यभर बंधन नसलेल्या मुलखाच्या कथा लिहीत राहिला, त्याची मोकळीक कुणीतरी दर महिन्याला भरून देत होते. त्याच्या कादंबऱ्यांतील स्त्रिया घोड्यावर बसतात, धाडस करतात, प्रेम करतात, पण अशी बाई त्याच्या कथेत मला भेटली नाही. जेन विदरस्टीनजवळ तिचे सारे गुण होते. तिलाही त्याने पुस्तकाच्या शेवटी दरीत कोंडून टाकले.

एक प्रसंग त्याच्या बाजूने सांगायला हवा, कारण तो विकाऊ लेखक होता असे सरसकट म्हटले जाते. 1922 साली 'द व्हॅनिशिंग अमेरिकन' ही कथा एका महिला मासिकात क्रमशः येऊ लागली. नायक नावाहो जमातीचा आदिवासी तरुण, नायिका गोरी. मिशनरी लोक आदिवासींना कसे लुबाडतात हेही त्यात होते. मासिकाकडे निषेधाची पत्रे आली. पुस्तक काढताना हार्परने शेवट बदलायला लावला, कारण गोऱ्या मुलीने आदिवासीशी लग्न केलेले त्यांना चालणार नव्हते. 1925 साली छापलेल्या पुस्तकात नायक मरतो. ग्रे मनातून रागावला होता, पण शेवट बदलला. येथे लेखकाने अडून बसायला हवे होते असे मला वाटते. अडून बसला असता तर काय गमावले असते याचाही हिशेब मी करून पाहिला. त्या वर्षी तो देशातील सर्वांत अधिक पैसे मिळविणाऱ्या लेखकांपैकी एक होता. परवडले असते.

उत्तरायुष्यात त्याला मासेमारीने झपाटले. लहान छंद नव्हे तो. मोठी जहाजे, नोकरचाकर, न्यूझीलंड, ताहिती, ऑस्ट्रेलिया. ताहितीजवळ 1930 साली त्याने हजार पौंडांवर वजनाचा मार्लिन मासा गळाला लावून ओढून काढला. 1929 नंतर अमेरिकेत मंदी आली, मासिकांचे दर कोसळले, आणि नेमक्या त्याच वेळी त्याने आणखी मोठे जहाज घेतले. डॉली घरून पत्रांवर पत्रे लिहीत होती की एवढा खर्च झेपणारा नाही. ते जहाज अखेर विकावे लागले. देणी कशी मिटवायची, कुठले हस्तलिखित कुणाला आधी द्यायचे हे तिने पाहिले. अॅरिझोनाशीही त्याचे बिनसले होते. चित्रपटासाठी हंगामाबाहेर अस्वले मारण्याची परवानगी तेथील खात्याने नाकारली म्हणून तो रुसून निघून गेला तो परत गेला नाही. तेथील डोंगरकड्याखालचे त्याचे लाकडी घर पुढे वर्षानुवर्षे लोक पाहायला जात. 1990 सालच्या वणव्यात ते जळाले.

1937 साली ऑरेगॉनमधील नदीवर मासे धरताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून तो बराच सावरला, पुन्हा लिहू लागला. 23 ऑक्टोबर 1939 रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथील घरी हृदय बंद पडून तो वारला. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता.

पेढी मात्र बंद झाली नाही. मंदीच्या काळात छापून न झालेली हस्तलिखिते हार्परजवळ आणि घरी शिल्लक होती. हार्परने दरवर्षी एक या बेताने नवी पुस्तके काढणे चालू ठेवले. डॉलीने आणखी अठरा वर्षे हा व्यवहार सांभाळला आणि 1957 साली ती वारली. दोघांच्या अस्थी लॅकवॅक्सनला नदीकाठी शेजारी शेजारी पुरल्या आहेत. तेथील त्यांचे जुने घर आता सरकारी संग्रहालय आहे. झेन ग्रेची नवी पुस्तके 1963 सालापर्यंत येत होती.